वास गेला म्हणजे गॅस गेला?

मागच्या मे महिन्यात आमच्या सोसायटीची सेप्टिक टाकी भरून वाहायला लागली. तळमजल्यावरच्या दोन बाथरूममध्ये पाणी उलटं यायला लागलं तेव्हा कुठे कमिटीला जाग आली, आणि सेक्रेटरी म्हणून सकाळी सात वाजता टाकीपाशी उभं राहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कंत्राटदारानं सक्शनची गाडी आणि तीन माणसं पाठवली होती. पहारीनं झाकण उचकटलं तसा असा भपकारा आला की पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या पटापट बंद झाल्या. गाडीच्या पाइपनं वरचं पातळ पाणी ओढून घेतलं. तळाशी बसलेला घट्ट गाळ मात्र हलेना. तिघांतला सगळ्यात लहान, असेल पंचविशीचा, टाकीच्या तोंडाशी वाकला, दोन-तीनदा हुंगलं आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला लागला.

"काय करतोयस रे?"

"वास गेला ना आता, साहेब. उतरतो, फावड्यानं मोकळं करून देतो."

मी त्याला उतरू दिलं नाही. त्यावरून कंत्राटदाराशी फोनवर चांगलंच वाजलं, ते पुढे येईल. पण त्या पोराचं वाक्य डोक्यातून जाईना. त्याचा हिशेब चुकीचा म्हणावा तर आपण सगळे तोच हिशेब करतो. फिनेल, रॉकेल, भिंतीचा ताजा रंग, कशाचाही वास येईनासा झाला की ते उडून गेलं असं आपण धरून चालतो आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. हायड्रोजन सल्फाइड या वायूपुढे मात्र हा हिशेब उलटा पडतो, आणि एकदा नाही, तीन वेगवेगळ्या कारणांनी उलटा पडतो. हा लेख त्या तीन कारणांसाठी आहे. बाकीचं ओघानं येईल.

घरातली ओळख

हा वायू काही परका नाही. पाणीपुरीत आणि चाटवर पडतं ते काळं मीठ घ्या. त्याला मराठीत पादेलोण म्हणतात, आणि हे नाव ठेवणाऱ्यानं भीडभाड अजिबात ठेवलेली नाही. तो वास त्यातल्या सल्फाइडांचा आणि त्यांच्यातून सुटणाऱ्या किंचित हायड्रोजन सल्फाइडचा.

अंडं जास्त वेळ उकडलं की पिवळ्या बलकाभोवती हिरवट-करडी कडा येते. अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या प्रथिनांत गंधक असतं. उष्णतेनं त्यातून थोडा हायड्रोजन सल्फाइड सुटतो, बलकातल्या लोहाशी त्याची गाठ पडते आणि त्या सीमेवर आयर्न सल्फाइडची रेघ उमटते. अंडी खराब नसतात, फक्त गॅसवर विसरलेली असतात. देवघरातलं चांदीचं निरांजन, पायातली जोडवी, लहान मुलाचे वाळे वापरून वापरून काळे पडतात, तेही मुख्यतः हवेतल्या अशाच गंधकी वायूंमुळे. चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो.

वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या किंवा दापोलीजवळच्या उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांना लोक "गंधकाचं पाणी" म्हणतात आणि वासावरून ते ओळखतात. गंमत अशी की शुद्ध गंधकाच्या खड्याला जवळपास वासच नसतो. आपण ज्याला गंधकाचा वास म्हणतो तो या वायूचा असतो.

मी पहिल्यांदा त्याला नावानिशी भेटलो ते बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत. अज्ञात क्षारातले धातू ओळखायचे तर त्या द्रावणातून हा वायू बुडबुडवत न्यायचा. शिसं आणि तांबं असेल तर काळा साका, कॅडमियम असेल तर पिवळा, अँटिमनी असेल तर सुंदर नारिंगी. वायू तयार व्हायचा किपच्या उपकरणात. पेट्रस याकोबस किप हा एकोणिसाव्या शतकातला डच माणूस, त्यानं एकावर एक तीन काचेच्या फुग्यांचं हे यंत्र बसवलं. तोटी उघडली की आम्ल खालून चढून आयर्न सल्फाइडच्या खड्यांना भिडतं आणि वायू निघू लागतो. तोटी बंद केली की साठलेला वायूच आम्लाला मागे ढकलतो आणि काम थांबतं. पुढे इतकी यंत्रं पाहिली, पण इतकं शहाणं आणि इतकं घाणेरडं यंत्र दुसरं पाहिलं नाही. आमच्याकडे ते व्हरांड्याच्या टोकाला एका कोंदट खोलीत ठेवलेलं होतं. तिला आम्ही "अंड्याची खोली" म्हणायचो. आत दहा मिनिटं उभे असलेले आम्ही गप्पा मारत असायचो आणि बाहेरून येणारा नाक दाबून शिव्या घालायचा. तेव्हा आम्हाला वाटायचं, आपल्याला सवय झाली.

ही "सवय" म्हणजे पहिलं कारण.

नाक आधी थकतं, मग मरतं

वायूंचं प्रमाण पीपीएममध्ये सांगतात, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. गच्चीवरच्या हजार लिटरच्या पाण्याच्या टाकीत फक्त हवा आहे असं समजा. तिच्यात १ मिलिलिटर वायू सोडला की झालं १ पीपीएम. आपलं नाक हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे. १ पीपीएमचा शंभरावा भागसुद्धा त्याला कळतो. इतक्या कमी प्रमाणात तो फक्त घाण वाटतो, इजा करत नाही. भारतात कारखान्यांसाठी कायद्यानं आठ तासांच्या पाळीसाठी सरासरी १० पीपीएमची मर्यादा घातली आहे. त्याच्या वर गेलं की डोळे चुरचुरायला लागतात, लाल होतात, डोकं दुखतं, मळमळतं.

साधारण १०० पीपीएमच्या आसपास काहीतरी वेगळंच घडतं. वास ओळखणाऱ्या चेतातंतूंनाच वायू बधिर करतो. काही मिनिटांत नाक पूर्ण मुकं होतं. प्रमाण त्याहून जास्त असेल तर एखाद-दोन श्वासांतच. आमच्या अंड्याच्या खोलीत होत होतं ते नाकाचं थकणं. तो प्रकार अत्तराच्या दुकानातही होतो. हा मात्र लकवा आहे. आणि निसर्गाची काय थट्टा पाहा, १०० पीपीएम हीच ती पातळी जिला अमेरिकेतली कामगार-सुरक्षा संशोधन संस्था निऑश "जिवाला तात्काळ धोका" म्हणते. म्हणजे भोंगा वाजायला हवा नेमक्या त्या क्षणी भोंग्याची वायर तुटते. ५०० पीपीएमच्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळतो. ७०० ते १,००० च्या पट्ट्यात एक-दोन श्वासांत शुद्ध जाते आणि लगोलग श्वास थांबतो. तेल-वायूच्या विहिरींवर काम करणारे याला "नॉकडाउन" म्हणतात, मुष्टियुद्धातला शब्द. पडणाऱ्याला आपण पडतोय हेही कळत नाही. ओरडायला, शिडी धरायला, मागे वळायला वेळच नसतो.

तो मारतो कसा? आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन रक्तातून पेशीपर्यंत जातो आणि तिथे मायटोकॉन्ड्रिया नावाच्या सूक्ष्म भट्ट्यांमध्ये वापरला जातो. त्या भट्टीत ऑक्सिजन हाताळणारं शेवटचं एन्झाइम असतं, सायटोक्रोम ऑक्सिडेझ. हायड्रोजन सल्फाइड नेमका तिथेच जाऊन बसतो. सायनाइडही तिथेच बसतं. पान वाढलेलं आहे, पण जेवणाऱ्याचे हात बांधलेत, असा प्रकार. रक्तात ऑक्सिजन भरपूर, पण पेशीला तो वापरता येत नाही. मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्र याला सर्वांत आधी बळी पडतं.

शरीराकडे त्यावर उतारा आहे, ही यातली बरी बाजू. आतड्यातले जंतू हा वायू रोजच बनवत असतात, आणि शरीर त्याचं झटपट थायोसल्फेट आणि सल्फेट करून बाहेर टाकतं. म्हणून तो शिशासारखा अंगात साठत नाही. थोडा-थोडा वर्षानुवर्षं घेतल्यानं एका दिवशी माणूस कोसळतो असं होत नाही. कोसळवतो तो एकदम आलेला मोठा लोंढा, जो शरीराच्या निचऱ्याच्या वेगापेक्षा जोरात येतो. त्यामुळेच वेळेत मोकळ्या हवेत काढलेली काही माणसं आश्चर्य वाटावं इतक्या लवकर उठून बसतात. तरी त्यांना घरी पाठवू नये. फुप्फुसांत पाणी होण्याचा प्रकार काही तासांनी उद्भवू शकतो, आणि विसराळूपणा, डोकेदुखी, तोल जाणं असे त्रास काहींना पुढे बरेच दिवस राहतात.

शास्त्राच्या पुस्तकात हा वायू शिरण्याआधीच त्याच्या खुणा लोकांनी पाहिल्या होत्या. सतराव्या शतकाच्या अखेरीला इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यानं आपल्या घराचा शौचकूप उपसणाऱ्या माणसाला इतक्या घाईनं काम करताना पाहिलं की त्याला कारण विचारलं. या कामानं डोळे जातात, हे उत्तर त्याला मिळालं. मैला ढवळला की त्यातून काहीतरी आम्लासारखं उडतं, तेच डोळ्यांना लागतं आणि या लोकांच्या खिशातली तांब्याची, चांदीची नाणीही त्यानंच काळी पडतात, असा अंदाज त्यानं लिहून ठेवला. स्वीडनच्या कार्ल शीलनं १७७७ मध्ये या वायूचं रसायनशास्त्र मांडलं. रामाझ्झिनीला ते ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, पण डोळे आणि नाणी यांची जोड त्यानं अचूक लावली होती.

हे वाचलेलं डोक्यात असल्यामुळे त्या दिवशी माझं लक्ष त्या पोराच्या बोटाकडे गेलं. चांदीची अंगठी होती, तव्यासारखी काळी. विचारलं तर हसून म्हणाला, "आमच्या धंद्यात चांदी होत नाही, साहेब."

खाली बसलेला, आणि गाळात दडलेला

दुसरं कारण वजनाचं. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन काढून तिथे गंधक बसवा, झाला हायड्रोजन सल्फाइड. भावंडं म्हणावी इतकी सारखी रचना, पण पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात आणि यांची पकड सैल. म्हणून पाणी १०० अंशाला उकळतं आणि हा उणे ६० अंशालाच वायू होतो. रंग नाही. हवेच्या तुलनेत वजन साधारण एक-पंचमांशानं जास्त. वारा लागत नाही अशा खड्ड्यात, चेंबरमध्ये, बोटीच्या पोटातल्या मासळीच्या कप्प्यात तो तळाशी रेंगाळतो. टाकीच्या तोंडाशी वाकून हुंगणारा माणूस वरच्या फूटभर हवेची परीक्षा घेत असतो. श्वास त्याला घ्यायचाय आठ फूट खाली, आणि तिथे परीक्षा कुणीच घेतलेली नसते.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. गाळातल्या काही जीवाणूंना ऑक्सिजन लागत नाही. आपण ऑक्सिजनवर श्वास घेतो तसे ते सल्फेटवर "श्वास घेतात", आणि आपण कार्बन डायऑक्साइड सोडतो तसा ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सल्फेटला सांडपाण्यात तोटा नाही. लघवीत असतं, साबण-पावडरीत असतं, बोअरच्या जड पाण्यात असतं. उन्हाळ्यात गाळ तापला की हे जीवाणू जोमात येतात.

हा वायू पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो. एक लिटर पाण्यात अडीच लिटरच्या आसपास मावू शकतो. घट्ट गाळात तो बुडबुड्यांच्या रूपात अडकूनही बसतो. म्हणजे टाकीचा तळ ही एक झाकण लावलेली सोड्याची बाटली आहे. ती शांत असेपर्यंत वर काही दिसत नाही. झाकण दोन तास उघडं ठेवलं, हवा खेळली, वायू मोजणारा मीटर उतरवला तर तोही शून्य दाखवेल. मग माणूस खाली उतरतो आणि पहिलं फावडं मारतो. बाटली हलली. जिथे फावडं, तिथेच त्याचं तोंड.

म्हणून "वास गेला" हे त्या पोराचं म्हणणं अगदी खरं असतं, त्याचं नाक शाबूत असतं, खालची हवाही त्या क्षणी स्वच्छ असती, तरीसुद्धा तो उतरण्याचा परवाना ठरत नव्हता. धोका हवेत नव्हताच, गाळात होता.

इथे आम्लाचंही सांगून टाकतो. तुंबलेल्या गटारात ॲसिडची बाटली ओतायची सवय बऱ्याच घरांत आहे. सांडपाण्यात हा वायू अर्धा विरघळलेल्या वायूच्या रूपात आणि अर्धा सल्फाइडच्या रूपात असतो. पाणी आम्लधर्मी झालं की सल्फाइडचाही वायू होतो आणि सगळा वर येतो. आत माणूस काम करत असताना वरच्या मजल्यावरून कुणी बेसिनमध्ये ॲसिड ओतलं, एवढंही पुरतं. टाकी उपसायच्या दिवशी आमच्याकडे जिन्यात नोटीस लागते, ती मुख्यतः यासाठी.

मागोमाग उतरणारे

तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात वाकडी गाव आहे. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. तिथल्या एका जुन्या विहिरीत शेणाची स्लरी सोडलेली होती. तिच्यात मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा. मग तिसरा. असे सहा जण उतरले, पाच गेले. वाचला तो एक, ज्यानं उतरताना कमरेला दोर बांधला होता आणि ज्याला वरच्यांनी ओढून काढलं.

अशा खड्ड्यात एकटा हायड्रोजन सल्फाइड नसतो. मिथेन असतो, कार्बन डायऑक्साइड असतो, आणि ऑक्सिजनला जागाच उरलेली नसते. यातला प्रत्येक जण मारायला समर्थ असतो. पण घटना पाहा, तिचा साचा नेहमी हाच असतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये केरळात कोळिकोडला मॅनहोलमध्ये पडलेल्या दोन कामगारांना वाचवायला रस्त्यानं जाणारा एक रिक्षाचालक उतरला. तिघेही गेले. निऑशनं १९८०च्या दशकात बंदिस्त जागांमधल्या मृत्यूंचा आढावा घेतला, तर त्यात निम्म्याहून जास्त माणसं वाचवायला गेलेली निघाली. याला मूर्खपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. समोर भाऊ पडलेला दिसतो, पाणी नाही, आग नाही, साप नाही, नुसता खड्डा. पाहणाऱ्याला वाटतं चक्कर आली असेल. दिसत नाही त्या गोष्टीला माणूस घाबरणार कसा?

विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहायची जुनी रीत आपल्याकडे आहे. ती निरर्थक नाही, पण ती सांगते फक्त एक गोष्ट: ऑक्सिजन अगदीच कमी आहे का. कंदील नीट जळतोय आणि हायड्रोजन सल्फाइड ५०० पीपीएम आहे, हे सहज शक्य आहे. ५०० पीपीएम म्हणजे हवेचा दोन-हजारावा भाग, ज्योतीला त्याचं सोयरसुतक नसतं. शिवाय मिथेन असेल तर कंदीलच स्फोटाची काडी ठरतो. हायड्रोजन सल्फाइड स्वतःही ज्वालाग्राही आहे. हवेत त्याचं प्रमाण सुमारे ४ ते ४५ टक्के असेल तर तो पेट घेतो, निळ्या ज्योतीनं जळतो आणि मागे सल्फर डायऑक्साइड ठेवतो, जो वेगळा ताप.

सांडपाण्याबाहेरही या वायूनं गावंच्या गावं झोडपली आहेत. मेक्सिकोत पोझा रिका इथल्या गंधक काढायच्या कारखान्यातून २४ नोव्हेंबर १९५० च्या पहाटे जेमतेम वीस मिनिटं तो सुटला आणि झोपेतली २२ माणसं गेली. चीनमध्ये चोंगचिंग भागात २३ डिसेंबर २००३ च्या रात्री नैसर्गिक वायूची विहीर उसळली. खाली दरीतल्या वस्त्यांवर वायू पसरला आणि २४३ जण मेले. दुसऱ्या दिवशी विहिरीचं तोंड मुद्दाम पेटवून द्यावं लागलं, कारण जळून होणारा सल्फर डायऑक्साइड त्या मानानं परवडला.

आणि तरीही कामाचा

इतकं वाचल्यावर वाटेल, याचा उपयोग तो काय. थेट वापर खरंच थोडा आहे. पण आपल्या रोजच्या साखरेत त्याचा अदृश्य हात असू शकतो. कच्च्या तेलात आणि नैसर्गिक वायूत गंधक असतं. वसईसमोरच्या समुद्रातल्या क्षेत्रातून निघणारा वायू या अर्थानं "आंबट" आहे, म्हणजे त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. तो समुद्राखालच्या पाइपनं गुजरातेत हजीराला जातो आणि तिथे "गोड" केला जातो. हे आंबट-गोड शब्द खरोखर त्या धंद्यातले आहेत. काढून घेतलेला वायू फेकून देता येत नाही, म्हणून क्लाउस प्रक्रिया वापरतात, जिचं मूळ पेटंट १८८३ सालचं. एक तृतीयांश वायू जाळायचा, त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो. तो उरलेल्या दोन तृतीयांशाशी भिडवायचा. दोन विषारी वायू मिळून पाणी आणि पिवळंधमक गंधक होतं. आज जगातलं बहुतांश गंधक खाणीतून येत नाही, तेल आणि वायू शुद्ध करताना असंच निघतं.

त्या गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल, त्या आम्लाचं सुपरफॉस्फेट खत. आपल्याकडचे बहुतेक साखर कारखाने रस निवळायला आणि साखर पांढरी करायला गंधक जाळून त्याचा धूर वापरतात. नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागाईतदार भुरी या बुरशीच्या रोगावर गंधकच मारतात. रिफायनरीतला तो घाणेरडा वायू असा फिरून द्राक्षाच्या घडापर्यंत येतो.

दुसरा वापर जरा अनपेक्षित आहे. अणुभट्ट्यांना लागणारं जड पाणी, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेलं पाणी, वेगळं काढायला राजस्थानात कोट्याजवळ आणि तेलंगणात मणुगुरूला पाणी आणि हायड्रोजन सल्फाइड उंच मनोऱ्यांमधून एकमेकांविरुद्ध खेळवतात. थंड असताना जड हायड्रोजन पाण्यात राहणं पसंत करतो, गरम असताना त्यातला काही वायूकडे सरकतो, या एवढ्याशा आवडीनिवडीवर सगळा कारखाना उभा असतो. अलिबागजवळच्या थळलाही जड पाण्याचा कारखाना आहे, पण तिथली पद्धत अमोनियाची.

१९९६ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की आपल्या मेंदूच्या पेशीसुद्धा अगदी कणभर हायड्रोजन सल्फाइड मुद्दाम बनवतात आणि निरोप द्यायला वापरतात. रक्तवाहिन्या सैलावण्यातही त्याचा हात आहे. लसणातल्या गंधकी द्रव्यांपासून तांबड्या रक्तपेशी तो बनवू शकतात. यावरून "रोज लसूण खा, हृदय सांभाळा" असे फॉरवर्ड फिरायला लागलेत. लसूण जरूर खा, पण तो चटणी म्हणून.

टाकीपाशी परत

तर कंत्राटदार फोनवर म्हणाला, "अहो साहेब, वीस वर्षं हेच करतोय, माणूस उतरल्याशिवाय गाळ निघत नाही." मी विचारलं, गॅस मोजायचा मीटर आहे का? नव्हता. ट्रायपॉड, पट्टा, हवेचं सिलिंडर? तेही नव्हतं. मास्क आहेत म्हणाला. ते कापडाचे, कोविडच्या वेळचे. कापडी मास्क किंवा एन-९५ धूळ अडवतो, वायू नाही. या वायूसाठी पाठीवरच्या सिलिंडरमधून किंवा बाहेरून नळीनं येणारी स्वच्छ हवाच लागते.

मग मी त्याला कायदा सांगितला, आणि खरं सांगायचं तर आवाज तिथे उतरला. हातानं मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माणूस उतरवणारी नगरपालिका असो, कंत्राटदार असो की आमच्यासारखी सोसायटी. गटारातल्या मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये दहा लाखांची भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. तरी माणसं उतरतात. ती कोणत्या जातींची असतात हे त्या आकड्यांत लिहिलेलं नसतं, आणि आपल्याला ते सांगावंही लागत नाही.

गाळ शेवटी निघाला. जास्त दाबाच्या पाण्याची गाडी दुपारी आली, वरूनच फवारा मारून गाळ पातळ केला आणि सक्शननं ओढला. खर्च साधारण दीडपट, वेळ चार तास जास्त. फवारा सुरू झाला त्या क्षणी टाकीच्या तोंडातून जो भपकारा उठला तो सकाळच्यापेक्षा वाईट होता. तो पोरगा माझ्या शेजारीच उभा होता. नाकाला रुमाल लावून दोन पावलं मागे सरला आणि टाकीकडे बघत राहिला. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

आता कमिटीच्या फाइलमध्ये एक पान आहे. टाकीचं काम चालू असताना झाकणाभोवती दोरी, लहान मुलं लांब, बिडी-काडी बंद, ॲसिड बंद. काम फक्त वरून. आत कुणी पडलंच तर मागे उतरायचं नाही, आधी १०१ ला फोन, अग्निशमन दल येईपर्यंत वरूनच पंख्यानं किंवा ब्लोअरनं हवा मारत राहायची. दोरी किंवा पट्टा आधीच बांधलेला असेल तर ओढून काढायचं. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची, तोंडाला तोंड लावायचं नाही. आणि तो उठून बसला तरी दवाखान्यात न्यायचाच.

वार्षिक सभेत जादा खर्चावर दोन सभासदांनी आक्षेप घेतला. एकानं विचारलं, "दरवर्षी उतरतच होते ना, काय झालं होतं का कधी?" वर्क ऑर्डरमध्ये "कोणीही माणूस टाकीत उतरणार नाही" ही ओळ अकरा विरुद्ध दोन मतांनी घातली गेली.